हमीदाच्या कडेवरचे मूल

डेप्युटी नझीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' ही कादंबरी १८७४ च्या सुमारास आली. उर्दू घेऊन पदवी करणाऱ्याला ती सहसा चुकत नाही. या कादंबरीवर आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक थोरल्या मुलाविषयी, म्हणजे कलीमविषयी आहे. कलीम शायर आहे. कॉलऱ्यातून वाचलेल्या बापाला एकाएकी धर्माची ओढ लागते, ती कलीमला मानवत नाही. तो घर सोडतो, बाप त्याची पुस्तके जाळतो, आणि शेवटी कलीम जखमी होऊन घरच्यांत परत येतो व मरतो. पुस्तके जाळणारा बाप बरोबर की शेर रचणारा मुलगा बरोबर, या प्रश्नावर दीडशे वर्षे वाद चालू आहे. तो वाद महत्त्वाचा आहेच. पण याच कादंबरीत, जनानखान्याच्या बाजूला एक प्रसंग घडतो. त्याकडे समीक्षकांनी कथानकाचा एक सांधा म्हणून पाहिले आणि ते पुढे गेले. माझ्या मते आपल्या घरांच्या दृष्टीने तोच प्रसंग अधिक जवळचा आहे.

नसूह आणि त्याची बायको फहमीदा यांनी घर सुधारण्याचे काम वाटून घेतले आहे. मुलगे बापाकडे, मुली आईकडे. थोरली मुलगी नईमा लग्न झालेली, पण सासरी पटत नाही म्हणून माहेरी येऊन राहिलेली. तिच्या मांडीवर पहिलेच तान्हे मूल आहे. धाकटी हमीदा अजून खेळण्याच्या वयाची. आईकडून नमाज, खुदा, हिशेबाचा दिवस हे सगळे तिने नुकतेच ऐकले आहे आणि लहान मुले ज्या सचोटीने ऐकलेले मनावर घेतात त्या सचोटीने मनावर घेतले आहे. नईमा आपले मूल हमीदाकडे देते. इकडे नमाजची वेळ निघून चाललेली. हमीदा मुलाला खाली बसवते आणि नमाजला उभी राहते. मूल रडू लागते. नईमा धावत येते, रडणारे मूल पाहते, नमाज पढणारी बहीण पाहते आणि तिला असा तडाखा देते की पोरगी रुकूच्या आधीच सजद्यात जाऊन पडते. मग आई येते. बोलाचाली होते. रागाच्या भरात नईमा नमाजविषयी आणि खुदाविषयी नको ते बोलून जाते आणि आई तिच्या तोंडात मारते. लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा आईचा मार बसतो. पुढे रुसवा, अन्नत्याग, मग मावसबहीण सालेहाची मध्यस्थी, खालाच्या घरी जाणे, आणि सरतेशेवटी नईमाची सुधारणा. कादंबरीकाराचा हिशेब जमला.

माझा मात्र जमत नाही. कारण या प्रसंगात तीन जणींचा न्याय होतो आणि चौथ्याचा कोणी विचारच करत नाही. हमीदा शहाणी ठरते, नईमा उद्धट ठरते, फहमीदा कर्तव्यकठोर ठरते. ते मूल का रडत होते, त्याला कोणी घ्यायला हवे होते, याबद्दल कादंबरीत एक ओळ नाही. भांडण लावून देण्यापुरते मूल रडते आणि काम झाल्यावर गप्प होते. लेखकाने त्याला प्यादे म्हणून वापरले.

नमाज कोणावर फर्ज होती?

हा प्रसंग धर्माच्या दृष्टीने लिहिला आहे असा नझीर अहमदांचा दावा आहे, म्हणून आपणही आधी धर्माच्याच दृष्टीने पाहू. हमीदा अजून वयात आलेली नाही. तिच्यावर नमाज फर्ज नाही. सात वर्षांच्या मुलाला नमाजची सवय लावावी, दहाव्या वर्षी त्याबाबत सक्ती करावी, असे हदीसमध्ये आले आहे. ती सवय आहे, जबाबदारी वयात आल्यावर येते. उलट तिच्या हाती सोपवलेले मूल ही त्या क्षणी तिच्यावरची अमानत होती. मग नईमाने तडाखा दिला हे वाईटच, पण मूल रडत ठेवून नमाजला उभे राहणे हे आदर्श कसे ठरले? आईने धाकटीला जवळ घेऊन एवढेच सांगायला हवे होते की बेटी, आधी बाळाला कोणाच्या तरी हाती दे, मग नमाज पढ. हे वाक्य संपूर्ण प्रकरणात नाही. ते असते तर भांडण पेटले नसते, आणि भांडण पेटले नसते तर नईमाला सुधारायची सोय राहिली नसती.

आता याच्या शेजारी आपण रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या नमाजविषयीच्या रिवायती ठेवू. हजरत अबू कतादा सांगतात की आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढवली. उमामा ही त्यांची मुलगी जैनब आणि अबुल आस यांची लेक. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत ही रिवायत आहे, आणि मुस्लिममधील एका पाठानुसार ते त्या वेळी इमामत करत होते, म्हणजे मागे अख्खी जमात उभी होती. दुसरी रिवायत अशी की नमाज लांबवण्याचा त्यांचा इरादा असे, पण मागून एखाद्या मुलाच्या रडण्याचा आवाज आला की ते नमाज आटोपती घेत; कारण मूल रडले की आईच्या जिवाचे काय होते हे त्यांना ठाऊक होते. तिसरी नसाईमधली: सजदा इतका लांबला की लोकांना वाटले काही विपरीत घडले किंवा वही उतरते आहे. नंतर त्यांनी सांगितले की नातू पाठीवर चढून बसला होता, त्याचे खेळून होईपर्यंत घाई करणे बरे वाटले नाही. आणि चौथी, खुत्ब्यातली: हसन आणि हुसैन लाल कुडती घालून अडखळत येताना दिसले, तेव्हा ते मिंबरवरून खाली उतरले, दोघांना उचलून घेतले आणि मग पुढचे बोलले.

या चार रिवायती आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकल्या आहेत. शुक्रवारच्या बयानात, सीरतच्या जलशात त्या मोठ्या प्रेमाने सांगितल्या जातात. पण कोणत्या प्रकाराने सांगितल्या जातात ते पाहण्यासारखे आहे. त्या 'रहमत'च्या खात्यावर सांगितल्या जातात: पाहा, हुजूर मुलांवर किती प्रेम करत! श्रोते सुबहानल्लाह म्हणतात. आणि तेवढ्यात मागच्या सफमध्ये कोणा पोराची खुसफूस झाली तर तेच श्रोते मान वळवून डोळे वटारतात. मुलांना मशिदींपासून दूर ठेवा अशा अर्थाची एक रिवायत इब्ने माजाच्या संग्रहात आहे. हदीसच्या जाणकारांनी ती कमकुवत ठरवली आहे, पण लोकांच्या तोंडी तीच बसली आहे.

शिवाय प्रेमाच्या खात्यावर मांडल्यामुळे एक गोष्ट नजरेतून सुटते. या चारांपैकी तीन रिवायतींत मूल पुरुषाच्या अंगाखांद्यावर आहे. उमामा नमाजच्या वेळी आपल्या आजोबांकडे होती. ते इमाम होते. ही पोर जरा तिकडे घ्या, मला नमाज पढवायची आहे, असे म्हणायला त्यांना कोणाची हरकत नव्हती. त्यांनी तसे म्हटले नाही. काही फकीहांना ही गोष्ट पचली नाही. कोणी म्हणाले हा हुकूम नंतर रद्द झाला, कोणी म्हणाले ही नफ्ल नमाज असावी. इमाम नववी यांनी या सगळ्या तावीलींना आधार नाही असे स्पष्ट लिहिले आणि कृती जायज असल्याचा निर्वाळा दिला. शेकडो वर्षांपूर्वी विद्वानांमध्ये ज्या गोष्टीवर एवढा काथ्याकूट झाला, ती आपल्या बयानात केवळ एक गोड गोष्ट होऊन राहिली.

नसूहच्या घरात पुरुषांची वाण नाही. नसूह आहे, तीन मुलगे आहेत. नईमाचे मूल आळीपाळीने कडेवर घेणारे हात मुबलक आहेत. पण कादंबरीकाराच्या मनात ते हात येतच नाहीत. तो मूल नईमाच्या मांडीवरून उचलून हमीदाच्या कडेवर देतो, म्हणजे एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे, आणि दुसरी तर बाईही नाही, पोर आहे.

फतव्याच्या पुस्तकातले दूध आणि हंडी

कथाकाराला जे दिसले नाही ते एका आलिमाला दिसले. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले. आपल्याकडे अनेक घरांत ते मुलीच्या रुखवतात कुराण शरीफच्या शेजारी ठेवले जात असे, अजूनही काही ठिकाणी ठेवतात. या पुस्तकाबद्दल माझे मतभेद आहेत. बाईने नवऱ्याच्या मर्जीत किती राहावे याबद्दलची त्यातली पाने मी माझ्या विद्यार्थिनींच्या हाती जशीच्या तशी देणार नाही. पण टीका करताना न्यायही करायला हवा.

नमाज कशाने तुटते आणि नमाज कधी तोडावी, या दोन प्रकरणांत थानवीसाहेबांनी जी उदाहरणे दिली आहेत ती सरळ घरातून उचलली आहेत. बाई नमाजला बसली आहे आणि मूल येऊन दूध पिऊ लागले, तर काय? दूध आले तर नमाज गेली, आले नाही तर राहिली. चुलीवरची हंडी उतू चालली आहे आणि तिच्यात तीन-चार आण्यांचा माल आहे, तर नमाज तोडून ती सावरता येते. रात्री कोंबडी उघडी राहिली आणि मांजर तिच्यापाशी आले, तरीही. मुलाच्या कपड्याला आग लागली, तर नमाज तोडणे फर्जच आहे. आगगाडी सुटली आणि पोरेबाळे आत बसलेली आहेत, तर नमाज तोडून गाडीत बसावे.

ही यादी वाचताना मला त्यात एक संपूर्ण घर दिसते. चूल, हंडी, खुराडे, पाळण्यातून उतरून रांगत आलेले मूल, आणि मध्ये मुसल्ल्यावर एक बाई, जिचा एक कान सतत घराकडे आहे. थानवींनी हे कथा म्हणून लिहिले नाही, मसला म्हणून लिहिले. पण त्यांच्यापुढे प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका खऱ्या होत्या, म्हणून उत्तरांतही खरे घर उतरले. गंमत म्हणजे याच पुस्तकात थानवींनी नझीर अहमदांच्या काही कादंबऱ्यांविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे, की त्यांत सलीक्याच्या गोष्टी आहेत तशा दीन कमकुवत करणाऱ्याही आहेत. मुद्दा दीनचा नाही, वाङ्मयाचा आहे. आईच्या नमाजचे वास्तव कादंबरीपेक्षा फतव्याच्या पुस्तकात अधिक सापडावे, ही कादंबरीची हार आहे.

मसल्यांची भाषा रूक्ष असते, पण त्यांच्या आड बायकांचे दिवस असतात. आपल्या राज्यापुरते एक उदाहरण घ्या. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी. तान्ह्या मुलाने अंगावर लघवी केली तर काय, या प्रश्नाला दोन्हीकडे वेगळे उत्तर आहे. उम्मे कैस आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन रसूलुल्लाहकडे आल्या, मुलाने त्यांच्या कपड्यावर लघवी केली, आणि त्यांनी पाणी मागवून त्यावर शिंपडले, अशी रिवायत आहे. शाफई मताप्रमाणे अजून अन्न न खाणाऱ्या मुलग्याच्या बाबतीत तेवढे शिंपडणे पुरते. मुलीच्या बाबतीत कपडा धुवावा लागतो. हनफी मताप्रमाणे मुलगा असो की मुलगी, धुणे आलेच. आता दापोलीची सून आणि सोलापूरची सून यांच्या दिवसात या एका मसल्याने किती बादल्यांचा फरक पडतो याचा हिशेब करा. जिथे नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येते तिथे तो फरक लहान नाही. कपडे पाक नाहीत म्हणून जोहर गेली, बदलले तर असरपर्यंत पुन्हा भिजले. चाळीस दिवसांचा निफास संपला, गुस्ल झाला, सासूने मुसल्ला अंथरून दिला, आणि तरी पुढचे दोन वर्षे नमाज काही धड लागत नाही. अशा बाईला घरात काय म्हणतात? 'लेकरू झालं आणि हिची नमाज सुटली.' सुटली, सोडली नाही, हा भेद कोणी करत नाही. हंबली फकीहांनी मूल पाजणाऱ्या बाईला, प्रत्येक नमाजला कपडे धुणे जड जात असेल तर, दोन नमाजा एकत्र पढण्याची सवलत दिली आहे. आपण त्या मतावर चालत नाही, पण बाईची अडचण ही खरी अडचण आहे असे मानणारे फकीह होऊन गेले, एवढे तरी तिला कळायला हवे.

ईदगाहवर कोण गेले, घरी कोण राहिले

प्रेमचंदांची 'ईदगाह' १९३३ ची. आमच्या मुलांना ती पाठ असते. चार-पाच वर्षांचा हामिद, आई-बाप नाहीत, आजी अमीना त्याला तीन पैसे देते आणि तो खेळणे न घेता तिच्यासाठी चिमटा आणतो. वर्गात आम्ही या गोष्टीवर त्याग, समज, गरिबी असे ठरलेले प्रश्न विचारतो. नमाजच्या दृष्टीने ही गोष्ट कोणी वाचत नाही.

गोष्टीत सामुदायिक नमाजचे चित्र आहे. ओळीच्या ओळी वाकतात, उठतात, बसतात. त्या शिस्तीचे, त्या बरोबरीचे लेखकाला कौतुक आहे. खेड्यातून आलेली मंडळी वजू करून मागच्या ओळीत उभी राहतात. पोरेही गावाहून त्यांच्याबरोबर आली आहेत, आणि त्यांना कोणी हुसकावत नाही. मुसलमानाच्या नमाजविषयी इतक्या आपुलकीने लिहिणारा हा हिंदू लेखक, त्याचे ऋण मान्यच करायला हवे. पण ही नमाज मैदानातली आहे, बाहेरून पाहिलेली आहे आणि पुरुषांची आहे. अमीना कुठे आहे? ती घरी आहे, शेवया कुठून आणायच्या या काळजीत आहे. तिला ईदगाहला नेणारे कोणी नाही. पण प्रेमचंद मोठे लेखक होते ते अशासाठी की त्यांनी अमीनालाही तिची इबादत दिली. गोष्टीच्या शेवटी चिमटा हातात घेऊन म्हातारी पदर पसरून दुआ मागते, रडते, आणि त्या वेळी ती स्वतःच लहान मूल होते. मैदानात हजारो कपाळे टेकली, पण वाचकाला शेवटी आठवते ती या एकटीची, घराच्या उंबऱ्यातली दुआ. मूल सांभाळणाऱ्या बाईची इबादत कशी लिहावी याचा एक धागा तिथे आहे. आपण तो पुढे ओढला नाही.

त्याहून जुना एक धागा तर आपल्या दारातच होता. विजापूरच्या सूफींनी आणि त्यांच्या परंपरेतल्या लोकांनी दखनीत चक्कीनामे, चरखानामे, लोरीनामे रचले. दळताना, सूत काढताना, मूल झोपवताना म्हणायची ही गाणी. रिचर्ड ईटन यांनी १९७४ मध्ये या रचनांवर सविस्तर लिहिले आणि दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लामचे वळण घरात पोचले ते बायकांच्या या कामाच्या गाण्यांतून, असे मत मांडले. चक्कीनाम्यात जात्याच्या खुंट्यात अलिफ दिसतो, आणि अलिफ म्हणजे अल्लाह. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या मराठी बाईला हा प्रकार परका वाटणार नाही; ओवी आणि चक्कीनामा एकाच जात्याभोवती वाढले. या रचनांत एक फार मोठी समज होती. बाईने हातातले काम टाकून खुदाकडे यावे असे त्या म्हणत नाहीत. काम चालू असतानाच त्या खुदाचे नाव कामात आणून ठेवतात. लोरी म्हणणारी आई त्या वेळी जिक्रही करत असते.

गाणे नमाजची जागा घेऊ शकत नाही, हे मलाही कळते. फर्ज ती फर्ज. पण ज्या भाषेने जाते आणि पाळणा यांच्याभोवती धर्म उभा केला, त्याच दख्खनच्या भूमीवर नंतर आलेल्या सुधारकी उर्दू गद्याने पाळण्याला धर्माच्या आड येणारी वस्तू केले, हा बदल वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. लोरीनाम्यात जे मूल जिक्रचे निमित्त होते, ते नझीर अहमदांच्या कादंबरीत नमाजमधला अडथळा झाले.

हजेरीपत्रकातली हमीदा

हा सगळा जुन्या पुस्तकांचा ऊहापोह कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माझ्या रोजच्या कामात आहे. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही हमीदा ओळखीची आहे. पाचवी-सहावीतली मुलगी, आठवड्यात दोन दिवस गैरहजर. विचारले की सांगते, 'टीचर, अम्मी की तबियत खराब थी, छोटे को संभालना था.' कधी धाकट्याला कडेवर घेऊनच दारात उभी राहते. तिच्याच वयाचा तिचा भाऊ वर्गात पहिल्या बाकावर बसलेला असतो. त्याला कोणी छोटे को संभाल असे म्हटलेले नसते. जोहरच्या सुट्टीत तो नमाजला जातो, टोपी खिशात घेऊनच आलेला असतो. त्याच्या दीनदारीचे कौतुक होते. बहिणीच्या कडेवरचे मूल त्या कौतुकात कुठे मोजले जात नाही.

म्हणून मला नझीर अहमदांचा प्रसंग साधा वाटत नाही. त्यातून दोन धडे मिळतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला धडा: मूल आणि नमाज यांत झगडा आहे, आणि चांगली बाई नमाज निवडते. दुसरा धडा: मूल हे बायकांनी आपसात वाटून घ्यायचे ओझे आहे. पहिल्या धड्याने आईच्या मनात कायमची अपराधाची भावना बसते. दुसऱ्या धड्याने मुलीची शाळा जाते.

कोणी म्हणेल, नझीर अहमद त्यांच्या काळाचे होते. ते खरेच. ज्या काळात मुलींनी लिहावे-वाचावे की नाही हाच वाद होता, त्या काळात त्यांनी मुलींसाठी पुस्तके लिहिली, घरातले बोलणे जसेच्या तसे कागदावर उतरवले, नईमासारखी जिवंत, तोंडाळ मुलगी उभी केली. इतकी जिवंत की आज वाचताना सहानुभूती तिच्याकडेच जाते. तिच्या तोंडचे खुदाविषयीचे शब्द कोणी समर्थनीय मानणार नाही. पण सासर तुटलेली, पहिलटकर, रात्ररात्र जागलेली ती पोर ज्या क्षणी रडणाऱ्या मुलाकडे धावते, त्या क्षणी ती आई आहे. तिला पाहून एक माणूस आपली नमाज आटोपती घेत असे. कादंबरीने मात्र तिच्या तोंडात मारली. काळाचा बचाव इथे अपुरा पडतो, कारण ज्या आदर्शाचा कादंबरी दावा करते तो आदर्श तिच्याहून बाराशे वर्षे जुना होता आणि तिच्याहून मवाळ होता.

आपण काय लिहिले?

१९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या काळात आपल्या लेखकांनी दंगलीवर लिहिले, वस्त्यांवर लिहिले, संशयाच्या नजरेवर लिहिले, तलाकवर तर भरपूर लिहिले. ते लिहायलाच हवे होते. शाहबानो निकाल १९८५ चा, तत्काळ तिहेरी तलाकविरोधी कायदा २०१९ चा. या दोहोंमधल्या काळात मराठीतली मुस्लिम बाई बहुतेक वेळा एखाद्या प्रश्नाची प्रतिनिधी म्हणूनच पानावर आली. कोर्टाच्या पायरीवर ती आहे, दंगलीनंतरच्या छावणीत आहे. तिची रोजची दुपार, असरची अजान, मांडीवर पेंगणारे मूल आणि वजू टिकेल की नाही याची धाकधूक, हे माझ्या वाचनात फार कमी आले आहे. सुधारणावादी लेखकाला नमाज हा विषय मागासलेपणाचा वाटतो, म्हणून तो टाळतो. धार्मिक लेखकाला नमाजमधली अडचण हा विषय बेअदबीचा वाटतो, म्हणून तोही टाळतो. दोघांच्या मध्ये ती बाई मुसल्ल्यावर एकटी राहते.

आणि इथे भाबडेपणाही टाळायला हवा. आईच्या पाठीवर चढलेले मूल, ती हसत हसत सजदा करते, असे गोड चित्र काढून भागणार नाही. कित्येक बायकांच्या दिवसात नमाजची ती दहा मिनिटेच काय ती त्यांची स्वतःची असतात. तेवढा वेळ कोणी हाक मारत नाही, कोणी चहा मागत नाही. तेवढ्या वेळाचाही वाटा मुलाने घेतला तर तिला राग येतो, आणि राग आला म्हणून पुन्हा वाईट वाटते. मुलावर जीव आहे, नमाजची ओढ आहे, आणि दोन्ही एकाच वेळी तिच्याकडे हात पसरून उभे आहेत. ही ओढाताण कथेला हवी ती सगळी सामग्री पुरवते. तिला उपदेशाची फोडणी देण्याची गरज नाही.

बाहेरचे चित्र हळूहळू हलते आहे. पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९ मध्ये स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. बायकांना मशिदीत येऊन नमाज पढण्यास धर्माची मनाई नाही, असे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही २०२३ मध्ये न्यायालयाला सांगितले. पण मशिदीत जागा मिळाली म्हणून प्रश्न संपत नाही. त्या जागेत येणारी बाई एकटी येणार नाही, कडेवर मूल घेऊन येईल. ते मूल रडेल. तेव्हा पुढच्या सफमधले लोक मान वळवून डोळे वटारतील की इमाम किरात आटोपती घेईल, यावर आपली खरी परीक्षा आहे. ती परीक्षा कायद्याच्या कागदावर व्हायची नाही. तिची तयारी मनात व्हायला हवी, आणि मनाची तयारी करणे हे साहित्याचे काम आहे.

मराठीत लिहिणाऱ्या माझ्या भावंडांना म्हणून एक विनंती आहे. हमीदा-नईमाचा प्रसंग कोणीतरी नव्याने लिहावा. भांडण राहू द्या, नईमाचे तोंडही राहू द्या. फक्त मूल रडल्याबरोबर घरातल्या एखाद्या पुरुषाला उठवा. नसूहच उठला तर उत्तम. धर्माचा एवढा ध्यास घेतलेला माणूस आहे, नातवाला खांद्यावर घेऊन नमाज पढण्याची सुन्नत त्याला माहीत असायला हवी. मग हमीदाची नमाजही पुरी होईल आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेतही येईल.